अडीच तास पुढचं घड्याळ

मी मिरज सोडलं त्या दुपारी आई स्टुलावर उभी राहून भिंतीत खिळा ठोकत होती. दारात जीपवाला हॉर्न वाजवत होता, माझी थोरली बहीण, अक्का, बॅगेच्या कुलपाची किल्ली शोधत होती, आणि मला वाटलं, आईनं हे काय आत्ता काढलं? खिळा पक्का बसल्यावर तिनं कपाटातून एक नवं घड्याळ आणलं. पांढऱ्या तबकडीचं, साधं, सेलवर चालणारं. जुन्या घड्याळाच्या शेजारी तिला ते लावायचं होतं.

“अडीच तास पुढे म्हणालास ना तिकडची वेळ? मग तूच लाव. माझा माझ्यावर भरवसा नाही.”

मी काटे फिरवले, घड्याळ खिळ्यावर अडकवलं आणि जीपमध्ये बसलो. ती वेळ मी माझ्या हातानं लावली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्याशी येऊन थांबतं.

सिंगापूरला आलो तो दोन वर्षांसाठी. सगळे असंच म्हणतात. बँकेत इंटर्नल ऑडिटचं काम. इतरांच्या कागदांत विसंगती शोधायची, गोड बोलणाऱ्या माणसावर जरा जास्त लक्ष ठेवायचं. दोन वर्षांची चार झाली, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, झाला, बिशानला बाराव्या मजल्यावर फ्लॅट झाला. मुलगी ईशा इथल्या शाळेत जाऊन मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. आणि दर रविवारी दुपारी मिरजेला फोन. जेवलास का, ईशा काय करते, आणि शेवटी हमखास, “तिकडे किती वाजले?” घड्याळ तिच्या डोळ्यांसमोर असायचं, तरी विचारायची. मी वेळ सांगितली की म्हणायची, “हं, बरोबर आहे.” तुमच्यापैकी जे बाहेर आहेत, त्यांच्या घरचीही माणसं हे विचारत असतील. आपल्याला वाटतं, बोलायला काही उरलं नाही म्हणून विचारतात.

आता जे कधी कोणाला सांगितलं नाही, ते सांगतो.

दोन हजार चारच्या मे महिन्यात अक्काचा फोन आला. आईच्या पोटात गाठ आहे, जूनमध्ये ऑपरेशन. “साधीच असेल म्हणतात डॉक्टर, पण काढल्याशिवाय कळणार नाही. तू येशील का रे?” मी म्हणालो, “बँकेत सिस्टीम बदलतायत गं, सुट्टीच मिळत नाही.” सुट्टी मिळालेली होती. हातात होती. त्याच आठवड्यात आम्ही तिघं ॲमस्टरडॅमला जाणार होतो. माझी बायको शुभा सात वर्षं या सहलीचं बोलत होती. ती बिचारी म्हणालीही, “आपण पुढे ढकलू या.” मीच म्हणालो, “साधी गाठ आहे, डिसेंबरात जाऊच की.” हा निर्णय तिच्यावर ढकलावा असं कितीदा मनात आलं. पण तो माझाच होता.

तिथे आम्ही सायकलवरून शहर दाखवणारा एक गाइड घेतला होता, फक्त आमच्या तिघांसाठी. यान त्याचं नाव. साठीचा, काटकुळा, गळ्यात लाल रुमाल, आधी शाळेत इतिहास शिकवायचा. मला पहिल्यापासून त्याचा संशय. एवढा हसतो का? पासपोर्ट ठेवून घेणार का? जुन्याच सायकली देऊन नवीन म्हणतोय का? ईशा वैतागून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “पापा, रिलॅक्स ला!”

निघायच्या आधी समोरच्या फोनबूथमधून मी मिरजेला फोन लावला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, संध्याकाळी आई दवाखान्यात दाखल होणार होती. मिरजेत साडेबारा झालेले. आई स्वतः बोलली. घाबरू नकोस म्हणाली, म्हणजे मीच घाबरलोय असं धरून. मग तिनं विचारलं, “तिकडे किती वाजले?”

त्याच क्षणी चर्चच्या घंटा वाजत होत्या. मी बोलून गेलो, “नऊ. सकाळचे नऊ.”

नेहमीचं ‘हं, बरोबर आहे’ आलं नाही. मग, “बरं. नीट खा. ठेवते.”

मला तेव्हा काहीच कळलं नाही. सायकलवर बसलो. तिथल्या सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पायडल उलटं मारलं की चाक जागच्या जागी अडकतं. आपल्याला लहानपणापासून सवय, उतार लागला, विचारात पडलो की पायडल मोकळंच मागे फिरवायचं. तिसऱ्या पुलाच्या उतारावर माझ्या डोक्यात ते पांढरं घड्याळ आलं. तिच्या समोर तीन वाजलेले असणार. दुपारचे तीन. पाय आपोआप मागे फिरले, सायकल गच्चकन थांबली आणि मी हँडलवरून पुढे रस्त्यावर. गुडघा फुटला. यान धावत आला, “नवीन माणूस एकदा तरी पडतोच,” म्हणाला. पुढचे तीन तास तो कालवे, गोदामं, राजे असं काहीबाही सांगत राहिला आणि मी मनात हिशेब लावत होतो. ऐकू नीट गेलं नसेल. ‘दुपारचे’ म्हणालो असेन. लाइनच खराब होती.

गाठ साधी नव्हती. डिसेंबरात येतो म्हटलं होतं, आई नोव्हेंबरातच गेली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. भिंतीवरची दोन्ही घड्याळं चालू होती. मी त्या पांढऱ्या घड्याळाकडे पाठ करून बसायचो.

त्यानंतर तीन वर्षं मी अक्काचं ऑडिट केलं. दुसरा शब्द नाही. आई शेवटी काय बोलली? माझ्याबद्दल काही म्हणाली? हे सरळ विचारायची छाती नव्हती. म्हणून ती जे बोलायची ते उलटसुलट करून बघायचो. “तुझं काय बाबा, तू कामात” असं ती म्हणाली की ‘कामात’ म्हणताना आवाज चढला का? “आई तुझी आठवण काढायची” म्हणजे कशी आठवण? अक्का मुलींच्या शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. लग्न केलं नाही. आईबाप दोघांचंही तिनंच केलं. तिच्या मनात काही असेल असं तिच्या वागण्यात कधी दिसलं नाही, आणि तेच मला संशयास्पद वाटायचं.

दोन हजार सातमध्ये ती रिटायर झाली आणि पहिल्यांदा सिंगापूरला आली. संशय आमच्या रक्तातच वाहतो म्हणा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, प्रत्येक ताटात वाकून बघायची, “यात मासळीचं पाणी नाही ना रे?” लिफ्टमध्ये शिरताना आधी मला पुढे करायची. पण ईस्ट कोस्टला समुद्राकाठी भाड्याची सायकल हातात आली आणि ती वेगळीच बाई झाली. तीस वर्षं सायकलवरून शाळेत गेलेली. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून अशी सुटली की मी मागून हाका मारतोय. “सुध्या, ऑफिसात बसून पोट सुटलंय तुझं!” ती आख्ख्या ईस्ट कोस्टला ऐकू जाईल असं ओरडली.

तिथेच मी ठरवलं. हिला ॲमस्टरडॅमला न्यायचं, त्या पुलावर थांबायचं आणि सांगून टाकायचं. ईशाची परीक्षा होती, म्हणून शुभा आली नाही. तेही बरंच झालं असं मला वाटलं. मी गाइडची कंपनी मुद्दाम दुसरी निवडली. चुकूनही जुनं काही आडवं यायला नको. मला सांगायचं होतं, पण माझ्या सोयीनं.

ॲमस्टरडॅमला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकली घेऊन समोर कोण उभा? लाल रुमाल. यान. मधल्या काळात त्यानंही कंपनी बदलली होती.

मी टोपी खाली ओढली, गॉगल चढवला. त्यानं विचारलं, “पहिल्यांदाच आलात?” अक्का म्हणाली, “फर्स्ट टाइम!” मी मान नुसती हलवली, हो नाही काहीही समजावं अशी. मग सबंध सकाळ मी त्याच्या तोंडाकडे बघतोय. हा सारखा मागे वळून का पाहतो? मला सीट उंच करून देताना हसला का? अक्काचं मात्र त्याच्याशी जमलं. शाळेतल्या इंग्रजीत ती त्याला नाही नाही ते विचारत होती. अरुंद घरांच्या माथ्यावर ते आकडे कशाला? सामान दोरीनं वर चढवायला. खिडक्यांना पडदे का नाहीत? यान म्हणाला, आमच्याकडे असं मानतात की लपवण्यासारखं काही नसेल तर पडदा कशाला.

अक्का मला मराठीत म्हणाली, “आपल्याकडे असं ठेवलं तर शेजारीण आमटीत मीठ कमी पडलंय तेसुद्धा सांगेल.” आणि हसली. मला हसू येईना.

तिसरा पूल आला. यान पुढे जाऊन उतरला, वळून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, “इथे जपून! इथे एक भारतीय गृहस्थ...” मग थांबला. माझ्याकडे नीट पाहिलं. चेहरा उजळला त्याचा. “अरे, तुम्हीच ते! बायको होती, छोटी मुलगी होती. आईला फोन केलात आणि इथे पडलात. गुडघा बरा आहे ना?”

त्याच्या मनात काही पाप नव्हतं. जुनी ओळख निघाल्याचा नुसता आनंद.

मी अक्काकडे पाहिलं. ती सायकल कठड्याला टेकवून पाण्याकडे बघत होती. यानला म्हणाली, “टू मिनिट्स, प्लीज.” तो समजूतदारपणे पुढे कोपऱ्यावर जाऊन थांबला.

“म्हणजे इथे होतास,” ती म्हणाली.

मी टोपी काढून हातात घेतली.

“आईनं फोन ठेवला आणि मला हाक मारली. म्हणाली, सुधीर सिंगापुरात नाही गं, दुसरीकडे कुठंतरी आहे. नऊ वाजले म्हणाला. मी म्हटलं, मी विचारते त्याला. तर म्हणाली, नको. खोटं बोलला म्हणजे काहीतरी अडचण असेल त्याची. विचारशील तर अजून एक बोलेल.”

बाजूनं एक बाई पुढच्या टोपलीत पोर बसवून घंटी वाजवत गेली. अक्का थांबली होती. मला जागा करून दिली होती तिनं, हे आज कळतं. तीन वर्षं ज्या क्षणाची तयारी केली तो आयता समोर आला होता. आणि मी म्हणालो,

“कामासाठी आलो होतो गं. बँकेचं ट्रेनिंग होतं. शुभा, ईशा बरोबर आल्या एवढंच.”

आई म्हणाली होती तस्सं. अजून एक.

“बरं,” अक्का म्हणाली. फोनवर आई म्हणाली होती त्याच आवाजात. मग ओढणी खोचली, सायकलवर बसली आणि यानला हात करून पुढे गेली. परतीच्या विमानात तिनं मला खिडकी दिली. सिंगापूरहून मिरजेला जाताना फ्रीजमध्ये ईशासाठी चिवड्याचा डबा ठेवून गेली. ना रुसवा, ना टोमणा. मी मात्र तो डबासुद्धा संशयानं उघडला.

त्याला आता दोन वर्षं झाली. इथल्या गणपतीच्या कार्यक्रमात माझ्यासारखे पुष्कळ भेटतात. चहाचा कप हातात घेऊन सांगतात, सुट्टीच मिळाली नाही हो, नाहीतर गेलो असतो. मी मान हलवतो. त्यांच्यातले बहुतेक खरंच बोलत असतील. पण मला आता कोणाचंच खरं वाटत नाही. खोटं बोलण्याची ही शिक्षा मला कोणी आधी सांगितली नव्हती. माणूस स्वतः पकडला जाण्याला भितो तो भितोच, शिवाय बाकीच्यांवरचा विश्वासही त्याचा त्यालाच गमवावा लागतो.

मागच्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी मिरजेला फोन लावला. ती ‘हॅलो’ म्हणताच, तिला दुसरं काही बोलू न देता सांगितलं, “अक्का, ट्रेनिंग वगैरे काही नव्हतं. फिरायला गेलो होतो. सुट्टी होती माझ्याकडे. आईचं ऑपरेशन माहीत असून गेलो.”

मी लाइनकडे कान लावून. “फोन ठेवलास का?” मी विचारलं.

“ठेवला नाही, आहे मी,” ती म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. “मला राग होता, सुध्या. खूप होता. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर सबंध दिवस एकटी बसले होते मी. त्या पुलावर तू खरं बोलला असतास तर तिथल्या तिथे ओरडले असते तुझ्यावर. तेही करू दिलं नाहीस.”

“आता ओरड.”

“आता काय ओरडू? दमले मी. माझा बीपी वाढेल.” मग जराशानं, “आईचं ते घड्याळ बंद पडलंय. महिना झाला, सेल संपला. आणून ठेवलाय, पण घातला नाही. कशाला घालायचा, असं वाटत होतं.”

घर म्हणजे काय, यावर आम्ही बाहेर गेलेले लोक फार बोलतो. पुरणपोळी, अंगण, मातीचा वास. माझ्यापुरतं एवढंच सांगू शकतो की माझं खोटं जिथे पहिल्याच मिनिटाला ओळखलं गेलं, आणि तरीही माझी वेळ जिथे पुढची पाच वर्षं, आई नसतानाही, भिंतीवर चालू ठेवली गेली, ते घर. तिथे मी नव्हतो. त्याची भरपाई या लिहिण्यानं होत नाही, आणि अक्कानं माफ केलं असंही मी म्हणणार नाही. तसं ती म्हणालेली नाही.

पण फोनवर मला स्टूल फरशीवरून ओढल्याचा आवाज आला.

“अक्का, चढू नकोस, पडशील. शेजारच्या कोणाला तरी बोलव.”

“तू गप. सेल घातलाय मी. हं, सांग आता. तिकडे किती वाजले?”

मी मनगटावर पाहिलं. मग खात्रीसाठी स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या घड्याळात पाहिलं. दोन्हीत एकच वेळ होती.

“दोन वाजून दहा मिनिटं,” मी म्हणालो. “दुपारचे. घरीच आहे मी, बिशानला.”

काटे फिरवत असावी.

“हं,” ती म्हणाली, “बरोबर आहे.”