परत म्हणून दाखव

धाकटीचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. दहा वाजता शाळेच्या सभागृहात वडिलांची शोकसभा होती आणि तिथे तिला पाच मिनिटं बोलायचं होतं. पाच मिनिटं म्हणजे काय मोठंसं! विमा कंपनीत ती रोज आठ तास अनोळखी माणसांशी बोलायची. पण आज तिने इस्त्रीचे कपडे पुन्हा इस्त्री केले, चहा केला आणि ओट्यावरच विसरली, वडिलांच्या खोलीत तीनदा गेली आणि तिन्ही वेळा आपण कशाला आलो तेच न आठवून बाहेर पडली. शेवटी आई म्हणाली की बस जरा एका जागी, तुला बघूनच मला धाप लागतेय.

मुख्याध्यापिकाबाईंनी विषयही ठरवून दिला होता, कर्नलसरांची 'परत म्हणून दाखव' पद्धत. घरचं माणूस म्हणून तुम्हीच सांगा, असं फोनवर म्हणाल्या. दुसरा कुठलाही विषय चालला असता. नेमका हाच धाकटीच्या घशाखाली उतरत नव्हता.

वडील, म्हणजे कर्नल, सैन्यात पूल बांधायचे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी नद्यानाल्यांवर लोखंडी पूल टाकले आणि काढले. त्या कामात आदेश ऐकणाऱ्याने तो शब्द न शब्द परत म्हणायचा आणि देणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही, असा दंडक होता. उमेदीच्या वर्षांत एका सकाळी घाईघाईत त्यांनी हे म्हणवून घेतलं नाही. पलीकडच्या टोकाचे खिळे बसायचे होते, तोवर गाडी पुलावर चढली. दोन जवान वाहून गेले. कर्नलनी चौकशीत चूक आपल्या अंगावर घेतली, आणि ती खरोखरच त्यांची होती. पुढे दोन्ही घरांना ते दर वर्षी पत्र लिहीत. एका जवानाच्या मुलीला तर त्यांनी टपालाने गणित शिकवलं, दहावी पास होईपर्यंत. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कोणी बोलत नसे.

बोलत ते दुधावर. "अर्धा लिटर दूध, सातच्या आत, पिशवी फुटकी नको," एवढं सगळं थोरल्या भावाला दाराशी उभं राहून परत म्हणावं लागे. पाहुणे हसून लोळायचे. आई सांगायची, लग्नाला मी होकार दिला तेव्हाही हे म्हणाले, परत म्हणा, मागाहून गैरसमज नको. "गैरसमज झालाच होता," आई पुढे म्हणायची, "पण तोवर दोनदा हो म्हणून बसले होते."

निवृत्त झाल्यावर माणसं बागेत चकरा मारतात. कर्नल गिरणीमागच्या शाळेत गणित शिकवायला गेले आणि चौदा वर्षं तिथेच रमले. उदाहरण फळ्यावर लिहायचे, मागच्या बाकाकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, काय विचारलंय ते आधी परत म्हणून दाखव, उत्तर नंतर बघू. निम्मी मुलं गणितात नाही तर प्रश्न वाचण्यात मार खातात, हे त्यांचं लाडकं मत होतं. मुलं त्यांची नक्कल करायची आणि परीक्षेत पासही व्हायची.

तर अशा माणसाने त्या गुरुवारी अकराच्या सुमाराला धाकटीला ऑफिसात फोन केला होता. रविवारी दुपारी चारला ये, एकटीच ये, एवढंच बोलले. ती एका जळालेल्या दुकानाचा दावा टाइप करत होती. तिच्या तोंडाने म्हटलं, "रविवारी, दुपारी चारला, एकटीच येते." ते "बरोबर" म्हणाले आणि फोन ठेवला.

धाकटीने त्यातलं अक्षर ऐकलं नव्हतं. लहानपणापासून वेणी घालताना, अर्धवट झोपेत, गोष्टीच्या पुस्तकात डोकं खुपसून ती असंच परत म्हणत आली होती. जिभेला सवय झाली होती, कानाची गरजच उरली नव्हती. रविवारी तिने स्वतःच्या घरचे पडदे धुतले. मंगळवारी सकाळी दाढी करताकरता कर्नल कोसळले, ते पुन्हा उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी कागदपत्रं शोधताना तिला त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर दिसलं. रविवारच्या चौकोनात लिहिलं होतं, 'धाकटी, ४'. तेव्हा सगळं एकदम आठवलं.

तेव्हापासून नऊ दिवस हाच भुंगा. काय सांगायचं होतं त्यांना? एकटीच का? आईला ठाऊक असेल का? विचारायचं म्हणून ती दहादा स्वयंपाकघरात गेली आणि दहादा डब्याची झाकणं लावून परत आली. विचारलं की कबूल करावं लागणार, आणि त्या कबुलीची तिला भीती वाटत होती.

सभागृह गच्च भरलं होतं. एक बसचालक बोलला, मग एक परिचारिका. डॉक्टरांनी सांगितलेला डोस मी आजही मोठ्याने परत म्हणते, ती म्हणाली, त्यामुळे एक मूल वाचलंय. टाळ्या पडल्या. मग धाकटीचं नाव पुकारलं. हातात कागद होता, त्यावरचं दुधाचं सांगितलं, लोक हसले. कागद अजून अर्धा बाकी असताना ती थांबली.

"बाबांनी मला शेवटच्या रविवारी बोलावलं होतं," ती म्हणाली. "मी सगळं नीट परत म्हटलं. आणि गेले नाही. ऐकलंच नव्हतं मी."

ती खाली उतरली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मुख्याध्यापिकाबाईंनी घाईने पुढचं नाव पुकारलं.

परतताना गाडीत मागे दोघीच होत्या. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आई बोलली.

"त्यांना कळलं होतं. फोन ठेवला आणि म्हणाले, पोरगी टाइप करतेय, तिने ऐकलं नाही. मी म्हटलं, मग करा परत फोन. तर म्हणाले, नको, कामात आहे ती."

"मग वाट नाही ना पाहिली?"

"पाहिली की. तीनलाच शर्ट बदलून बाहेरच्या खोलीत बसले. सहापर्यंत. मी म्हटलं, माहीत आहे ना येणार नाही. तर म्हणाले, आणि आलीच तर?"

गाडी सुटली. धाकटीला बाहेरचं काही दिसेना. तिने विचारलं, "काम काय होतं गं त्यांचं?"

"काही नव्हतं. काम असतं तर मलाच निरोप द्यायला लावला असता." आईने पर्समधून रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला. "तू हवी होतीस, बस. आता रडायचं तर इथेच रड. घरी माणसं आहेत."