मातीच्या बैलांची छावणी

बालवाडीच्या बाईला काय काम, पोरं तर खेळवायची, असं लोकांना वाटतं. या म्हणावं एकदा, बसा माझ्या जागी! बाहत्तर साली पारनेर तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या सभामंडपात मी बालवाडी चालवत होते. त्या वर्षी मला पोरांपेक्षा जास्त छळलं ते तालुक्याहून आलेल्या एका कागदानं. ‘ऋतूनुसार आनंददायी उपक्रम’ असं वर झोकात लिहिलेलं. आषाढात कागदाच्या होड्या करून पाण्यात सोडाव्यात म्हणे. कुठल्या पाण्यात? वर्षामागून वर्षं कोरडी चाललेली, विहिरी खडखडीत. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी ओढा वाहताना पाहिलाच नव्हता.

श्रावणातला उपक्रम पोळ्याचा होता. मातीचे बैल करायचे आणि सजवायचे. तो बघायला मुख्यसेविका, म्हणजे आमच्या वरच्या अधिकारी बाई, स्वतः येणार होत्या. गावातले आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते, काहीजण पोरांना घेऊनच जायचे, त्यामुळे माझा पट रोडावला होता. उपक्रम नीट दिसला तर बालवाडी ठेवू, नाहीतर बंद करू, असा निरोप आला. बंद झाली की उरलेली पोरंही दिवसभर उन्हात खडीच्या ढिगावर बसणार, आणि दुपारच्या खाण्याला मिळणारी सरकारी सुकडी जाणार ती वेगळीच. माझा जीव टांगणीला लागला होता.

माती भिजवायला मी घरची कळशी आणली आणि त्या दिवशी आंघोळीला सुट्टी दिली. पोरांनी बैल केले. एकाला शिंगंच नव्हती, एकाचं पोट एवढं सुटलेलं की म्हैस परवडली. पण बैल झाले! गोंडे करायला मी माझ्या शिवणाच्या डब्यातला लाल-पिवळा दोरा आणून ठेवला. बैल फळीवर वाळत मांडले आणि पोरांना दम भरला, “हात लावाल तर याद राखा. उद्या बाईंना दाखवायचेत.”

सकाळी येऊन बघते तर फळी रिकामी. दोराही गायब. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“कुठं घातलेत रे बैल? बोला की मेल्यांनो!”

एक पोरगी नाक ओढत म्हणाली, “छावनीत नेलं, बाई.”

देवळाच्या मागं गेले. भिंतीच्या सावलीला बैलांची ओळ लावलेली. प्रत्येकापुढं काटकीची खुंटी, खुंटीला माझ्या दोऱ्याचं दावं, आणि तोंडापुढं कडुलिंबाचा पाला. गावातली खरी जनावरं सरकारी छावणीत चाऱ्याला नेलेली होती. यंदा कुणाच्याच दारात पोळा व्हायचा नव्हता.

“फळीवर चारा न्हाई,” पोरगी मलाच समजावायला लागली. “तितं ऱ्हायलं आस्तं तर मेलं नस्तं व्हय?”

हिला रट्टा द्यावा की पोटाशी धरावं, काही कळेना. तेवढ्यात जीप आलीच. मुख्यसेविका बाईंनी आत येऊन फळीकडं बघितलं.

“बैल कुठे आहेत?”

“छावणीत,” मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग मागं नेऊन दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, पदरानं मान पुसली. मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलतील.

“रंग नाही, गोंडे नाहीत, झूल नाही,” त्या म्हणाल्या. “सजावट अपेक्षित होती.”

“अहो, गोंड्याच्या दोऱ्याचीच दावी केलीत पोरांनी!” मी ओरडलेच. “इथं जनावरं जगायची मारामार, आणि तुम्हाला झुली हव्यात?”

“आवाज खाली ठेवा, बाई,” एवढं बोलून त्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

महिना उलटायच्या आत बालवाडी बंद झाली. अजूनही आठवलं की माझं डोकं तडकतं. शेवटच्या दिवशी सुकडीचा डबा खरवडून वाटला आणि पोरांना म्हटलं, “आपापले बैल घरी घेऊन जा रे.”

एकही पोरगं जागचं हललं नाही.

“न्या की! उद्यापासून इथं कोण बघणार त्यांच्याकडं?”

तशी तीच पोरगी म्हणाली, “आजून पाऊस कुटं पडलाय, बाई? घरी न्हेऊन त्यास्नी खायला काय घालू?”

कप्पाळ माझं! बालवाडीच्या सामानाच्या पेटीला कुलूप लावलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी पोरं आयांबरोबर खडीवर गेली, आणि बैलांना पाला टाकायला मी गेले.