लताबाईंची रविवारची घोडी

धुळ्याच्या नकाणे तलावावर रविवारी सकाळी लोक डबे, चटया, पोरंबाळं घेऊन येतात. यंदा दसऱ्यापासून त्यांना तिथे एक बाई पांढऱ्या घोडीचा लगाम धरून उभी दिसू लागली. पदर कमरेला खोचलेला, पायात नवऱ्याचे जुने बूट. "ताठ बसा साहेब! खाली काय बघता, खाली जमीनच आहे," असं ती मोठमोठ्या अधिकाऱ्यांनाही दरडावते आणि साहेब मुकाट ताठ बसतात. या लताबाई.

घोडीचं नाव मैना. लताबाईंचे यजमान जीवराम तिला बारा वर्षं लग्नाच्या वरातीत नाचवत आले. उन्हाळ्यात त्यांच्या पाठीचा मणका सरकला आणि ते खुर्चीला खिळले. घोडीपुढे बाई चाललेली वरातवाल्यांना खपत नाही. तेव्हा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत मैनेला विकायचं, असं जीवरामांनी ठरवून टाकलं. लताबाईंनी मुदत मागितली. यात्रेपर्यंत घोडेस्वारी शिकणारे दहा जण जमले तर घोडी दारात राहील, नाही जमले तर जाईल.

सात जमले होते. सातवी प्रियल, धान्याचे व्यापारी लखीचंद शेठ यांची नऊ वर्षांची नात. ती नीट शिकली तर कॉलनीतली आणखी पाच पोरं पाठवतो, असा शेठजींनी शब्द दिला होता. म्हणजे बाकी सगळं या एका पोरीच्या बैठकीवर येऊन ठेपलं होतं. लताबाईंना त्याची काळजी नव्हती. घोडी आपल्या शब्दाबाहेर नाही, हे त्या चारचौघांत छातीठोक सांगत.

चूक झाली ती पंचांगाची. दसरा ते तुळशीचं लग्न, या दिवसांत मुहूर्त नसतात. त्यामुळे शिकवणीच्या एवढ्या आठवड्यांत मैनेच्या कानावर एकदाही बँड पडला नव्हता. तुळशीचं लग्न झालं, मंगल कार्यालयं उघडली, आणि लताबाईंच्या हे ध्यानीमनी नव्हतं.

त्या रविवारी प्रियल एकटीने तिसरी फेरी मारत होती. शेठजी चटईवर बसून बाटी कुस्करत होते. एवढ्यात रस्त्याने वरात आली आणि बँडवाल्यांनी दणक्यात सूर लावला. मैनेचे कान ताठ झाले. पुढचा एक पाय उचलला, मग दुसरा. मान वाकवून ती जागच्या जागी थयथय नाचू लागली आणि खोगिरावर प्रियल टुणटुण उडू लागली.

"दादाजी!" पोर किंचाळली. शेठजी हातातली बाटी टाकून धावले.

लताबाईंनी झेप घेऊन लगाम धरला. "थांब! मैना, थांब!" घोडी कसली थांबते! त्या क्षणी लताबाईंना लख्ख कळलं, की आपल्याच घोडीचा नाच आपण आज पहिल्यांदा पाहतोय. बारा वर्षं दाणापाणी आपण केलं, शेण आपण काढलं. पण घोडीवाल्यांच्या घरच्या बायका वरातीमागे जात नाहीत, म्हणून नाच कसा थांबवतात ते आपल्याला ठाऊकच नाही. त्यांना भीती नाही वाटली, संताप आला.

पण मैनेला अंघोळ कशी आवडते, ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. रोज पांझरा नदीत पोटाशी पाणी आलं की ही बया डोळे मिटून गप उभी राहते. लताबाईंनी लगाम ओढत सरळ तलावात पाऊल टाकलं. "चल व माय, अंघोळले चल." चार पावलांत पाणी घोडीच्या गुडघ्याला लागलं, दहा पावलांत पोटाला. मैना एकदा फुरफुरली आणि शांत झाली. बँड वाजतच होता.

काठावर शेठजी धापा टाकत उभे होते. लताबाईंनी सारवासारव केली नाही. "चूक माझी, भाऊ. नाच थांबवायचा कसा ते मला येत नाही. ते शिकेन, मगच पोरीला पुन्हा बसवेन."

प्रियलचे बूट पाण्याने भरले होते. "दादाजी, मी पडले नाही," ती वरून म्हणाली. "बघितलं ना?"

शेठजींनी आधी नातीकडे, मग लताबाईंकडे पाहिलं. "पुढच्या रविवारपर्यंत शिका, लताबाई. आम्ही येतो."

घरी अंगणात जीवराम खुर्चीवर बसले होते. ओलं लुगडं पाहूनच ते समजले. "नाचनी का?"

"नाचनी! बारा वरीस सारी दुनियाले दखाडं, माले एकदा बी नही!"

"तू कधी इचारंच नही."

"बायकास्ले वरातमां कोन लई जास?" लताबाई कडाडल्या. "ते ऱ्हाऊ द्या. आते माले शिकाडा."

जीवरामांनी मोबाईलवर बँडची चाल लावली. मैना नाचू लागली. लगाम दोनदा हलकेच उजवीकडे ओढायचा आणि मानेवर थाप मारायची, एवढीच थांबवायची खूण होती. लताबाईंनी ती दहा वेळा घोटली. दहाही वेळा घोडी थांबली. अकराव्यांदा मात्र त्यांनी खूण केलीच नाही. मैनेला मन भरेस्तोवर नाचू दिलं आणि बघत राहिल्या.

"इतली चांगली नाचस," त्या म्हणाल्या, "आन तुम्ही इकाले निघनात?"

"दावणले नुसती उभी ऱ्हास, ते माले दखवत नव्हतं," जीवराम म्हणाले. "दहा जमोत का नही जमोत. आते इकानी नही."

तलावात न घाबरलेल्या लताबाई अंगणात मैनेच्या गळ्याशी तोंड लपवून मोकळेपणी रडल्या.