कोमलची मान दुखत होती

कोमल केबिनमध्ये आली ती दाराच्या चौकटीला खांदा आपटून. खुर्चीतही तिरकी बसली. वय दहा. चोपड्याजवळच्या केळीवाल्या घरची पोर, तीन वर्षांपासून माझी इसबाची पेशंट. मी जळगावात त्वचारोगतज्ज्ञ. सवयीने आधी तिची कातडीच बघितली.

"सकाळपासून तीनदा उलटी झाली," वडील म्हणाले.

कोमलला नाव विचारलं, ते बोबडं आलं. नाकाला बोट लावायला सांगितलं, तर बोट गालावर गेलं.

"पडली होती का? मानेला काही झालं?"

आई खाली बघत म्हणाली, "सासूनी मालिशवालाकडे नेयी व्हती, मॅडम. नस चढेल शे म्हने."

त्याने मान दोन्हीकडे कडकन मोडली होती. आमच्याकडे मान धरली की लोक हेच करतात.

मी तिला लगेच न्यूरोफिजिशियनकडे पाठवलं. दुपारी एमआरआय झाल्यावर त्यांचा फोन आला. "व्हर्टिब्रल आर्टरीचं डिसेक्शन. सेरेबेलममध्ये स्ट्रोक." म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलं, तिथे गुठळी झाली आणि तोल सांभाळणाऱ्या भागाचा रक्तपुरवठा तुटला.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर वडिलांनी मला गाठलं. "त्या मालिशवालानीच करं ना हाई?" आवाज शांत होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. हो म्हटलं असतं तर निदान माझ्यापुरतं प्रकरण मिटलं असतं.

पण आठ दिवसांपूर्वी आई तिला माझ्याकडे घेऊन आली होती. "मॅडम, पोरनी मान भलती दुखस." खाज सुटली की कोमल जोरजोरात मान झटकायची, खाटेच्या कडेला घासायची. मानेची कातडी जाड, चिरलेली. "जखमा आहेत, दुखणारच," म्हणून मी फक्त मलम बदललं. मालिशवाल्याकडे ते त्यानंतर गेले.

"भाऊ, मान आधीपासून दुखत होती," मी म्हणाले. "खाजेने मान झटकूनच रक्तवाहिनी आतून फाटली असेल, मालिशवाल्याने मोडल्यावर वाढलं असेल. नक्की कोणालाच सांगता येणार नाही. पण तुम्ही आधी मला सांगितलं होतं आणि मी लक्ष दिलं नाही."

ते पायऱ्या चढून वर कोमलकडे गेले.

कोमल वाचली. रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत. भिंत धरून चालते, लिहिताना हात थरथरतो. इसबासाठी ते आता धुळ्याला जातात. बरोबरच आहे त्यांचं.

आता इसबाच्या मुलाची मान दुखते म्हटलं की मी चक्कर येते का, उलटी होते का, मूल मान झटकतं का, सगळं विचारते. "मान मोडून घेऊ नका" हे चिठ्ठीवर औषधांच्या आधी लिहिते. चूक कबूल केल्याने मला झोप लागते. कोमलला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.