बिल्डिंग थंड करायचीय!

आमच्या जळगावच्या सोसायटीत किस्से शोधावे लागत नाहीत. मीटिंग बोलवा, दोन तरी पदरात पडतातच! मी रिटायर वायरमन, शाळा सातवीपर्यंत. म्हणून सगळे सल्ला मलाच विचारतात.

यंदाचा घोळ सुशीलाअक्कांमुळे. त्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. मे महिन्यात घराची नुसती भट्टी! त्यांचा पुण्याचा मुलगा म्हणाला, "घर थंड होत नसेल, तर माझ्याकडे चल." अक्कांना काही जायचं नव्हतं. सेक्रेटरी नाना म्हणाले, "बिल्डिंगच थंड करू. वीजही वाचेल!" आणि धुळ्याहून इंजिनिअर आणला.

*

त्यानं आधी जिन्यात सेन्सरचे दिवे बसवले. माणूस आला की आपोआप लागतात. तळमजल्यावरच्या आबांना मी सांगितलं, "रामराम केल्याशिवाय दिवा लागत नाही." आठवडाभर आबा बल्बला हात जोडत होते!

एकदा त्यांचे जावई मुकाट्यानं जिना चढले, तरी दिवा लागला. आबा चक्रावले. मग म्हणाले, "मनात म्हटलं असेल. घरंदाज माणूस!"

*

इंजिनिअर म्हणाला, पश्चिमेच्या खिडक्यांना पडदे लावा, ऊन आत येऊ देऊ नका. लोकांनी गोधड्या टांगल्या! भरदुपारी घरोघरी ट्यूबलाइट. वीज वाचली की वाढली, कोणालाच कळेना. नाना मला विचारायचे, मी आबांकडे बोट दाखवायचो, दिवे त्यांचंच ऐकतात ना!

*

नानांनी स्वतः फाइव्ह स्टार एसी घेतला. बघायला गेलो तर एसी अठरावर, नानांच्या अंगावर रजई, नि खिडकी सताड उघडी!

"नाना, खिडकी कशाला?"

"अरे, गारठलो ना!"

*

शेवटी गच्चीला पांढरा रंग दिला. त्यानं ऊन आल्या पावली परत जातं म्हणे. काही दिवसांनी इंजिनिअर तपासायला आला. पुण्याचा मुलगाही आला, आईचं सामान भरायला रिकामी बॅग घेऊन.

आम्ही सगळे वर गेलो, तर अर्ध्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, वाळत घातलेले! अक्का मधोमध, कमरेला पदर खोचून. नानांचा चेहराच पडला.

इंजिनिअरनं मात्र चप्पल काढून फरशीवर पाय ठेवला आणि उडालाच. "भरउन्हात अनवाणी उभं राहता येतंय! अक्का, खाली घरात गार वाटतं ना?"

"घराचं सोड रे! चार दिवस झाले बिबडे घालून, तरी वाळेनात, बठ्ठं वल्लंच शे! ही गच्ची तापतच नाही. नाना, हा रंग खरवडून काढा, नाहीतर मी चालले पुण्याला!"