पोस्टरमधला माणूस कोणाचा?

आमच्या नागपूरच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी एक जुनं पोस्टर आहे. हेल्मेट घातलेला माणूस, वर केलेला हात, मागे भट्टीचा केशरी उजेड आणि खाली जाड अक्षरांत ‘सावधान’. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाचं. हे तुझे बाबा, असं आजीनं आईला सांगितलेलं. आई पाळण्यात असतानाच तिचे बाबा तिथे तापानं गेले, आणि त्यांचा एकही फोटो नाही. मी पोस्टरं करूनच पोट भरते, त्यामुळे मला कायम प्रश्न पडायचा की छापील पोस्टरवर एका साध्या खलाशाचं, म्हणजे कारखान्यातल्या हरकाम्या मजुराचं, तोंड कोण छापेल? शेवटी आईच म्हणाली, “एकदा जाऊन विचारून तं ये.”

सकाळच्या गाडीनं निघालात तर जेवायच्या वेळेला दुर्गला उतरता. पुढे भिलाईला शेअर ऑटो मिळतो, सुटे पैसे जवळ ठेवा. टाउनशिपमधले रस्ते इतके रुंद, शांत आणि एकसारखे की मी मामाचं क्वार्टर समजून दोनदा परक्याच दाराची बेल वाजवली.

सुरेशमामा म्हणजे आईचा मावसभाऊ, प्लांटमधून रिटायर झालेला. त्यानं चिला, म्हणजे तांदळाचं धिरडं, आणि टमाट्याची चटणी खाऊ घातली (इथे आलात तर पोह्यांच्या आधी हेच मागवा) आणि मोबाइलवर पोस्टरचा फोटो पाहून म्हणाला, “अवो, हे तं शेजारी वानखेडे वहिनीकडे पण आहे!”

गेलो. तोच हात, तीच भट्टी, तेच ‘सावधान’. चेहरा मात्र भलताच, झुबकेदार मिशीवाला.

“हे आमचे सासरे,” वहिनी ठामपणे म्हणाल्या. “मिशी पाहा ना!”

माझं डोकंच चालेना. एका छपाईत दोन चेहरे? मामा म्हणाला, “मले तं काहीच समजून नाही राहिलं,” आणि मला सुपेल्याच्या बाजारात घेऊन गेला. तिथल्या गर्दीत, वेल्डिंगच्या ठिणग्या चुकवत, आम्ही एका पाट्या रंगवण्याच्या दुकानात पोचलो. तिथल्या शांताक्कांचे वडील तेव्हा प्लांटमध्ये पेंटर होते.

फोटो पाहून आक्का हसायलाच लागल्या. “कागद बाहेरून छापून येत. त्याच्यावरचा माणूस गोऱ्या सायबासारका, कोनी पाहेच नाही. मंग बाबा त्याच्यावर तिथल्या मजुरांच्या गँगमधल्या एकाचं तोंड रंगवत. आपला माणूस दिसला का लोकं थांबत, हसत, आन् खालचं वाचत.”

“पण कोणाचं तोंड?”

“जेवणाच्या सुट्टीत जो गप बसन त्याचं!”

पोस्टर त्या गँगच्याच कामाच्या जागी लागायचं आणि फाटायला आलं की त्यांच्यातल्या ज्याला मिळेल तो घरी न्यायचा, असंही त्या म्हणाल्या. म्हणजे ते माझे आजोबा असू शकतात किंवा त्यांच्या गँगमधला कोणीही. परतीच्या गाडीत मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. गप घरी बसले असते तर आईचे बाबा भिंतीवर शाबूत राहिले असते.

घरी आल्यावर फ्रेम उघडली. हात, भट्टी, अक्षरं सगळं गुळगुळीत, फक्त चेहऱ्यावर रंगाचा जाड थर बोटाला लागत होता. आईला सगळं सांगितलं.

“म्हंजे बाबा नाही?”

“माहीत नाही गं. त्यांच्यासोबत काम करणारा कोणीतरी, एवढं नक्की.”

तिनं बराच वेळ त्या गालावरून बोट फिरवलं. मग फ्रेम उचलून परत तिथेच लावली.

“असू दे इथंच,” ती म्हणाली. “यानं तं बाबाले पाह्यलं असन.”