हळदीतला गूळ

आमच्या हिंगोलीत गुडघा दुखला की डॉक्टरच्या आधी हळद आठवते. बाजारच हळदीचा, दुसरं काय सुचणार? मलाही दिवसातून तीनदा हळदीचं दूध मिळायचं. कडवट लागतं म्हणून बायको त्यात लिंबाएवढा गूळ घालायची. मला मधुमेह निघाल्यापासून साखर आम्ही बंद केली होती, पण गुळाला साखर कोण म्हणतं? तीही तेच दूध प्यायची.

त्यात मी पुजारी. महादेवाच्या देवळातली पूजेची पाळी आमच्या भाऊबंदांत फिरते, श्रावण माझ्याकडे. येणारा प्रत्येक जण हातावर पेढा ठेवतो. प्रसादाला नाही म्हणू नये, ही वडिलांची शिकवण मी अगदी पोटभर पाळली.

गुढीपाडव्याच्या सुमारास पाटावरून उठवायला मला दोघं लागू लागले. सकाळी बोटंही आखडलेली असत. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, श्रावणात मी बसू का? का स्टूल आणायचं?"

देवापुढे स्टुलावर! माझं डोकंच फिरलं. तसाच हाडांच्या डॉक्टरकडे गेलो.

त्यांनी एक्स-रे पाहिला, साखर तपासली, पोटाला टेप लावला. मी म्हणालो, "वजनाचा भार गुडघ्यावर, कबूल. पण बोटं काहून दुखायलीत? मी काय हातावर चालतो?"

ते हसले. "गुरुजी, चरबी म्हंजे नुसतं ओझं न्हाई. तिच्यातून सूज वाढवणारे पदार्थ रक्तात जातात, अन् रक्त बोटांतबी फिरतं. वाढलेली साखर त्यात भर घालते. झिजलेला गुडघा नवा व्हायचा न्हाई, पण तकलीफ कमी होईल. खाता काय?"

मी मोठ्या अभिमानानं हळदीच्या दुधाचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

मग गूळ बंद झाला. गोळ्या वेळेवर, मांड्यांचे व्यायाम, सकाळचं चालणं. पेढा कपाळाला लावायचा आणि समोरच्या लेकराला द्यायचा. रोज कुरकुर केली, पण केलं.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी अभिषेक संपला. पाटाला हात टेकला आणि कुणालाही न बोलावता उठलो. डोळे भरून आले, ते लपवले नाहीत.

बाहेर आलो तर खांबाशी आमच्या घरचं प्लॅस्टिकचं स्टूल. बायकोनं माझ्यासाठी गुपचूप आणलं होतं, आणि आता तीच त्यावर बसली होती. मला पाहून हसत उठायला गेली आणि गुडघा धरून परत बसली.

"कवापासून?" मी विचारलं.

"तुमच्या आधीपासून. पण अहो, पाळी तुमची होती ना."

मला फार लाज वाटली. मंगळवारची पूजा चुलतभावाला करायला सांगितली आणि सकाळीच डॉक्टरच्या दारात जाऊन तिचा नंबर लावला.